उलट बाजू आधी बघ

देवरुख

चि. मुग्धास,


आईचं पायमशीन पुण्यात तुझ्या घरी सुखरूप पोचलं, हे ऐकून फार बरं वाटलं. पण परवा फोनवर तू म्हणालीस ते मनात घोळतंय. वरून टीप सरळ दिसते, कापड उलटलं की खाली दोऱ्याचा गुंता. आणि दुरुस्तीवाल्याने बघताक्षणी सांगितलं, जुनं झालं, मोडीत घाला. अजिबात घालू नकोस. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एक गोष्ट तू आपण होऊन केलीस, ती म्हणजे कापड उलटून पाहिलंस. ही सवय सोडू नकोस. शिवणकामातलं सगळं खरं-खोटं उलट बाजूला असतं. ब्लाउज असो, गोधडी असो की खुद्द मशीन, आधी खालची बाजू बघायची आणि मग वरची.

आता तुझ्या गुंत्याचं. गुंता खाली दिसतो, म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात आणि बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळत बसतात. तिथेच मशीन बिघडतं. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते, एक वरून येतो, एक खालून. दोघांचा ताण सारखा असला की त्यांची अढी कापडाच्या जाडीत लपते. वरचा सैल पडला, तर खालचा त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि वरच्याच दोऱ्याचे वेढे खाली साचतात. म्हणजे दुखणं वर, दिसतं खाली. बहुतेक वेळा कारणही साधं असतं. दोरा ओवताना कापड दाबणारा फूट खाली असतो. फूट वर उचलला की ताणाच्या दोन चकत्या उघडतात, खाली असला की मिटलेल्या राहतात. मिटलेल्या चकत्यांवरून दोरा नुसता घसरतो, आत बसतच नाही. तेव्हा फूट वर कर, वरचा दोरा पूर्ण काढ आणि रिळापासून पुन्हा ओव. सुईचा दांडा एका अंगाने चपटा असतो आणि दुसऱ्या अंगाला उभी लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूनेच ओवायचा. सुई उलटी बसली असेल तर टाकेच सुटतात.

एवढ्यानेही भागलं नाही, तर वर लाल दोरा लाव, बॉबिनवर पांढरा भर. जुन्या चादरीचा तुकडा दुहेरी करून त्यावर वीतभर टीप मार. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव, नाहीतर पहिल्याच टाक्यांना गोळा होतो. उलट बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण सैल आहे. सुलट बाजूला पांढरे दिसले तर जास्त घट्ट आहे. ताणाची चकरी एका वेळी पाव वेढाच फिरव, पुन्हा टीप मार, पुन्हा उलटून बघ. बॉबिन केसला हात अगदी शेवटी. ती दोऱ्याला धरून हवेत लोंबकळत ठेव. स्थिर राहिली आणि हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशीच खाली उतरली, तर तिचा ताण बरोबर आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

मशीनची उलट बाजू म्हणजे सुईखालची पट्टी. ती तू अजून उघडली नसशील. दोन स्क्रू काढ आणि बघ: कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या खाचांत कापडाची लव दाबून दाबून घट्ट वडी झालेली असेल. मग दाते कापड नीट पुढे ढकलत नाहीत, टाके आखूड पडतात आणि माणूस वैतागून कापड हाताने ओढायला लागतो. ओढलं की सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि मोडते. लव दात घासायच्या जुन्या ब्रशने काढ, फुंकर घालू नकोस. तोंडातली वाफ लोखंडाला बाधते. बॉबिन केस बसते त्या शटलचे भाग काढताना क्रमाने एका पांढऱ्या फडक्यावर मांड, म्हणजे लावताना गोंधळ होणार नाही.

तेलाबद्दल मात्र मी कडक आहे. आमच्या कोकणात घरात खोबरेल असतंच, आणि कुरकुर ऐकली की बायका तेच मशीनला घालतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात ते मशीनच्या पोटात घट्ट बसणार. गोडं तेल तर हवेने चिकट होतं आणि सांधे जखडून टाकतं. शिलाई मशीनचं पातळ, पाण्यासारखं तेलच आण. प्रत्येक भोकात एक थेंब, शटल फिरतं त्या कडेला एक थेंब, खाली पायपट्टीच्या सांध्यांनाही. चाकाच्या चामडी पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नकोस, तो घसरेल. आधीचं तेल चिकटून बसलं असेल तर थोडं रॉकेल किंवा मशीन धुवायचं तेल घालून, दोरा न ओवता मशीन चालव आणि पुसून मग नवं तेल घाल. शेवटी फडक्यावर टिपा मारून जास्तीचं तेल उतरव. मशीन बंद ठेवताना फुटाखाली सुती तुकडा ठेवून फूट खाली कर.

पट्टा ढिला झालाय म्हणालीस. टोकं जोडणारी तार काढ, चामडं सेंटीमीटरभर काप, नवं भोक पाड आणि पुन्हा जोड. याला कारागीर लागत नाही. आणि चाक नेहमी आपल्याकडे फिरव. उलटं फिरलं की दोरा अडकतो.

आता गोधडी. मशीनवर शिवू का, असं विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे: हाताने शीव. मशीनचे दाते फक्त सर्वांत खालचा थर पुढे नेतात आणि वरचा फुटाखाली रेटला जातो. चार-सहा थर असले की प्रत्येक जण आपल्या वेगाने सरकतो. वरून तुला सरळ रेघ दिसेल आणि खाली चुण्या पडतील. धावदोऱ्याने सगळे थर जिथे अंथरलेत तिथेच पकडले जातात, आणि गोधडी अंगावर मऊही पडते. फारच घाई असेल तर थर तीनच ठेव, सुई १६ नंबरची लाव, टाका लांब कर आणि मधून कडेकडे जा. एरवी साध्या सुती कापडाला १४ आणि मलमलीला ११ नंबरची सुई चालते.

आईची दोन लुगडी तिकडे येणाऱ्या आनंदबरोबर पाठवतेय. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. चारपदरी घडी घातलीस की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, आणि पन्ह्याइतकी रुंदी एकट्या माणसाला पुरते. तेव्हा एका लुगड्याची एक गोधडी होईल, दुसऱ्याची दुसरी. विरलेला भाग आतल्या थरांत जाऊ दे, धड भाग वर आणि खाली. त्यात सिंथेटिक साडीचा तुकडा घालू नकोस. सुती आटतं, ते आटत नाही, आणि पहिल्याच धुण्याला फुगवटे येतात. अस्तराला नवं मांजरपाट घेतलंस तर आधी गरम पाण्यात भिजवून वाळव, खळ जाऊ दे.

फरशीवर अंथरून चारी बाजूंनी ताण आणि कडांवर वरवंटा, डबे असं काहीतरी जड ठेव. मग हातभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाल. कडा आत दुमडून धावदोरा कडेने सुरू कर आणि चौकोनात चौकोन करत आत ये. दोरा दुहेरी घे आणि मेणावरून ओढ, म्हणजे पीळ पडत नाही. दर दोन ओळींनंतर गोधडी उलट. खालचा टाका वरच्याएवढाच दिसला पाहिजे. आखूड दिसत असेल तर सुई तिरपी जातेय. डाव्या हाताचं बोट खाली ठेवून टोक लागतंय का बघत जा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घाल, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुई धरवणार नाही.

काही चुकलं तर दोरा खेचून काढू नकोस, जुनं सूत फाटतं. उलट बाजूने दर चौथा-पाचवा टाका काप, मग सुलट बाजूचा दोरा अलगद निघतो.

लुगडी आली की कळव. आणि लाल-पांढऱ्या टिपेचा तो तुकडा आनंद परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर धाड. फोटो नको, मला तो हातात घेऊन बघायचा आहे.

तुझी,
मावशी