फ्रीलान्स इलस्ट्रेटर: काम भरपूर, तरी महिनाअखेरीला खिसा रिकामा का?



आजचा विषय चित्रं काढून पोट भरणाऱ्यांचा. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकातली रेखाटनं, लग्नपत्रिका, मसाल्याच्या पॅकेटवरचं चित्र. हात चांगला आहे, इन्स्टाग्रामवर कौतुक होतं आणि आता नोकरी सोडून हेच करायचं मनात आहे? मग राजीनामा देण्याआधी हे वाचा.

या धंद्याची खरी अडचण एकच: काम येण्याची वेळ आणि पैसे येण्याची वेळ वेगळी असते. घरभाडं मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेलाच द्यावं लागतं.

१. आधी हंगाम ओळखा

दिवाळी अंकांचंच उदाहरण घ्या. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. चित्रकाराला हे काम मिळतं पावसाळ्यात. पण अंकाचं गणित जाहिरातींवर चालतं. जाहिरातींचे पैसे आले की मग चित्रकाराचा नंबर! म्हणजे श्रावणात जागून काढलेल्या चित्रांचे पैसे कधी कधी मार्गशीर्षात हातात पडतात. शालेय पुस्तकांची घाई जूनच्या आधी, पत्रिकांची लगीनसराईच्या आधी. आम्हा दुकानदारांना सीझन आणि मंदी पाठ असते, तशी ती तुम्हालाही पाठ हवी.

२. दर 'अंदाजे' सांगू नका

समजा, घरखर्च २५,००० रुपये. सॉफ्टवेअर, इंटरनेट, टॅबलेटचा हप्ता मिळून ५,०००. मंदीसाठी बाजूला ६,०००. झाले ३६,०००. महिन्यात काम २४ दिवस, पण त्यातले निम्मे फोन, कोटेशन, गिऱ्हाईक शोधणं आणि वसुलीत जातात असं धरा. पैसे मिळवून देणारे दिवस उरले १२. म्हणजे एका दिवसाचा दर ३,००० रुपये.

मुखपृष्ठाला अडीच दिवस लागत असतील तर किंमत ७,५००. कुणी ४,००० देतो म्हणाला तर काम घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ३,५०० रुपये खिशातून घालतोय हे माहीत असून ठरवा.

३. सगळं लिहून घ्या

व्हॉट्सॲपवर 'ओके दादा, करून टाका' हा करार नव्हे. साध्या ईमेलमध्ये चार गोष्टी लिहा: किती चित्रं, किती ॲडव्हान्स (मी निम्मा सुचवतो), किती वेळा दुरुस्ती फुकट, आणि चित्र कुठे कुठे वापरणार.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक साधारणपणे चित्रकार असतो. पण कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकी सांगणाऱ्याकडे जाते. हक्क कायमचे द्यायचे असतील तर त्याची किंमत वेगळी लावा आणि सहीचा कागद करा. हक्क तुमच्याकडे राहिले तर तेच चित्र कॅलेंडरला, टी-शर्टला पुन्हा विकता येतं. या धंद्यातली मोठी कमाई इथे आहे. ना गोडाऊन, ना शिल्लक माल!

४. वसुलीला कायद्याचा आधार

'उद्यम' नोंदणी करा. ऑनलाइन होते, फुकट आहे, आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. काम सुरू करण्याआधीच करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी मुदत ठरली असेल तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि ऑनलाइन तक्रारही करता येते. रोजच्या गिऱ्हाइकाशी भांडायला जाऊ नका. फक्त बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापा.

मग नोकरी कधी सोडायची?

काम मिळायला एक महिना, करायला एक महिना, पैसे यायला दीड महिना. झाले साडेतीन महिने. म्हणून किमान चार महिन्यांचा खर्च बँकेत हवा. वरच्या उदाहरणात ३०,००० गुणिले ४, म्हणजे १,२०,००० रुपये. ते जमेपर्यंत शनिवार-रविवार कामं घ्या. मालकाची परवानगी लागत असेल तर तीही बघा.

ही रक्कम जमली की धंद्यात एक मोठा फरक पडतो: तुम्ही 'नाही' म्हणू शकता. खिसा रिकामा असलेला चित्रकार चार हजारांचं काम घेतो आणि साडेसात हजारांच्या कामाला त्याच्याकडे वेळच उरत नाही.

आजचा गृहपाठ: गेल्या वर्षभरातली प्रत्येक ऑर्डर वहीत लिहा. तीन रकाने पाडा: काम मिळाल्याची तारीख, काम दिल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातलं सरासरी अंतर काढा. तेवढे दिवस घर चालेल इतके पैसे आज तुमच्याकडे आहेत का? उत्तर 'हो' असेल, तर पुढचं पाऊल टाका. भेटू पुढच्या भागात!