पुरात बोट कुणाच्या हुकमाने?

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या आमच्या तरुण मंडळाकडे बोट आहे. पूर आला की थेट पाण्यात घालावी का?

उत्तर : परस्पर घालू नका. २०१९ च्या महापुरात एनडीआरएफ, लष्कर, नौदल अशी पथके धावून आली होती. इतके हात एकत्र येतात तेव्हा सूत्रे एकाकडेच हवीत; नाहीतर एका गल्लीत तीन बोटी आणि पलीकडची वाडी वाऱ्यावर! २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात; म्हणून हुकूम त्यांचाच. पावसाळ्याआधीच बोट, इंजिन, लाइफ जॅकेट आणि चालकाची नोंद तहसील कार्यालयात करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला टेकले की बोट सज्ज ठेवा, १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा आणि ते सांगतील तिथेच जा.