पेश्टिगोचा वणवा : तोडलेले रान आणि शेताची आग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन राज्यामध्ये मॅरिनेट नावाचा एक ग्रामीण जिल्हा आहे. तेथील पेश्टिगो गावाच्या दफनभूमीपाशी १९५१ साली एक ऐतिहासिक फलक उभारण्यात आला. त्या राज्यातील अशा अधिकृत फलकांपैकी हा पहिला होय. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री हे गाव वणव्यात नष्ट झाले, त्याचे हे स्मारक. ओळख न पटलेल्या सुमारे ३५० मृतांना तेथे एकाच खड्ड्यात पुरले आहे. सुमारे १२ लक्ष एकर प्रदेश जळाला आणि १,२०० ते २,५०० माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्याच रात्री शिकागो शहरही पेटले. तेथे सुमारे ३०० माणसे मेली. परंतु जगाच्या लक्षात राहिले ते शिकागोच.

एवढ्या मोठ्या आगीला जळण कोठून मिळाले, हा प्रश्न शेतकरी बंधूंनी व ग्रामसेवकांनी विचारात घेण्याजोगा आहे. त्या काळी तेथे पांढऱ्या पाइन वृक्षांची अमर्याद तोड चालू होती. लाकूडतोडे सरळ खोड तेवढे कापून नेत. शेंडे, फांद्या व साल जागीच पडून राहत. असा सुका पसारा कोसच्या कोस साचला होता. गावातील घरे व पायवाटा लाकडाच्या. भुसाही जिकडेतिकडे पसरलेला. त्यात १८७१ च्या उन्हाळ्यात पावसाने दगा दिला. दलदलीही वाळल्या व त्यांतील कुजलेल्या वनस्पतींचा थर आतल्या आत धुमसू लागला.

अशा स्थितीतही शेतकरी जमीन मोकळी करण्यासाठी बुंधे व झुडपे जाळीत होते आणि लोहमार्गाचे मजूर मार्गावरील कचरा पेटवीत होते. अनेक आठवडे धूर दिसत असल्याने लोकांना त्याची सवय झाली. ही सवयच, माझ्या मते, आगीइतकी घातक ठरली. ८ तारखेस सोसाट्याचा वारा सुटला आणि ठिकठिकाणच्या लहान आगी एक झाल्या. अनेकांनी नदीत उतरून जीव वाचविला. काही त्या थंड पाण्यातच गारठून मेले. पुढे १८९४ साली शेजारच्या मिनेसोटा राज्यात हिंकली येथे तोडीचा असाच पसारा पेटून ४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आपल्याकडेही उन्हाळ्यात राब भाजतात, बांधावरचे गवत पेटवितात. राबाचे कवळ रानाच्या कडेला पसरू नये. पेटविण्यापूर्वी भोवतालचा पट्टा पालापाचोळा काढून साफ करावा. वारा पडलेला असताना, शक्यतो पहाटे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आग लावावी. पाणी व हिरवे डहाळे हाताशी असावेत. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. आग विझली असे वाटले तरी जागा सोडू नये. राख उकरून हाताने चाचपावी, आणि ऊब लागल्यास पुन्हा पाणी टाकावे.