आठ पायांचा घोळ

गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे पेणच्या कारखान्यांत रंगाने माखलेले हात आणि माझ्या टेबलावर मंडळांचे अँप्लिफायर. त्यातलाच एक रोह्याच्या भजनी मंडळाचा. पेटीला चिकटवायच्या पिकअपसाठी त्यात वेगळा प्रीअँप होता आणि त्यातला टीएल०७२ हा आयसी गेला होता. डब्यात तो नव्हता, ५५३२ होता. पाय आठच, चौथा उणे, आठवा अधिक, सगळं जिथल्या तिथे. शिवाय ५५३२ चं नाव मोठं. बसवला, ‘हॅलो हॅलो’ केलं आणि दिला पाठवून.

दोन दिवसांत फोन. “दादा, काही न वाजवताच गरम होतोय. आणि व्हॉल्युम फिरवला की खरखर.”

दिवा-रोहा गाडी पकडली. झाकण काढलं तर स्पीकरच्या टोकाजवळचा १० ओहमचा रेझिस्टन्स कोळसा झालेला, खालचा बोर्ड तपकिरी. ऐकू येणाऱ्या आवाजाने तो सहसा तापत नाही. तो जळतो तेव्हा कानाला न कळणारी शिट्टी आत चालू असते. स्कोप कुठला असणार तिथे! बुवांचा जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हला लावून जवळ धरला. अँप्लिफायर चालू केला की स्टेशन गायब, नुसतं फुस्स. बंद केला की निवेदक परत हजर.

०७२ ची धाव (बँडविड्थ) साधारण ३ मेगाहर्ट्झ, ५५३२ ची १०. सप्लायच्या तारा वीतभर लांब, आयसीजवळ एकही कंडेन्सर नाही. जुन्याने हे खपवून घेतलं होतं, नवा उधळला. चौथ्या-आठव्या पायावर बोर्डाच्या मागून थेट १०४ ची डिस्क लावली, फीडबॅकच्या रेझिस्टन्सवर २२ पिकोफॅरड. ट्रान्झिस्टर पुन्हा बोलू लागला.

खरखर तशीच. मीटर डीसीवर ठेवून पहिला पाय पाहिला: उणे १.९ व्होल्ट! तिथे शून्याच्या आसपास हवं. पिकअपसाठी इनपुटला १ मेगओहम होता. ०७२ चं इनपुट जेफेटचं, जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. ५५३२ सुमारे २०० नॅनोअँपिअर ओढतो. म्हणजे दारातच ०.२ व्होल्ट, दहापट होऊन थेट व्हॉल्युमच्या पॉटवर, कारण बनवणाऱ्याने मधला कंडेन्सर वाचवलेला. यावर डिस्कचा उपाय नाही. लॅमिंग्टन रोडवरून ०७२ मागवला, या वेळी बेस टाकून बसवला. डिस्क तशीच ठेवली.

तुम्ही आयसी बदलणार असाल तर पाय जुळले एवढ्यावर जाऊ नका. इनपुटचा प्रवाह, धाव आणि तो सप्लायमधून किती खातो, हे तीन आकडे आधी बघा. ५५३२ आठेक मिलिअँपिअर घेतो, ०७२ तीनसुद्धा नाही. झेनरवरचा सप्लाय तेवढ्यानेही बसू शकतो. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवा, मेनला १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या आणि आवाज ऐकण्याआधी पहिल्या-सातव्या पायावरचं डीसी मोजा. हे पेणलाच केलं असतं तर गाडीभाडं वाचलं असतं.

मजुरी अर्थातच मागितली नाही. तो ५५३२ आता माझ्या माइक मिक्सरमध्ये आहे. तिथे इनपुटला १० किलोओहम आहेत, आणि तिथे तो झकास वाजतो.