व्यायामाचा कंटाळा आहे, पण बसून राहायचं नाही

प्रश्न : वय ५८. रामनगरला (ता. जोयडा) राहते. व्यायामाचा मनापासून कंटाळा. सकाळी एकटीने फिरणंही नको वाटतं. काय करू?

उत्तर : ताई, व्यायाम नका करू! मात्र हालचाल हवीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. ती सलग हवी असं नाही. २०२० च्या सूचनांनुसार दोन-चार मिनिटांचे तुकडेही धरले जातात. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम लागला की श्रम मध्यम समजायचे.

तुमच्या तालुक्यात कुणब्यांच्या परसात कंद लावतात, काढतात. माती उकरणं, वाकणं, टोपली उचलणं यात पाय, पाठ, हात सगळे कामाला लागतात. स्नायूंना ताकदीचं काम आठवड्यातून दोनदा हवं असतं, ते इथे आपोआप होतं. परस नसेल तर चार कुंड्या ठेवा. पाणी मात्र नळीने नाही, कळशीने घाला.

फुगडी आठवते? गुडघे बरे असतील तर शेजारणींना जमवा. झिम्मा त्याहून सोपा, आणि हसता हसता घाम फुटतो. बाजाराला चालत जा, गप्पा मारायला कुणीतरी सोबत घ्या. काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान जवळ आहे, तेव्हा रानवाटेला पहाटे किंवा तिन्हीसांजेला जाऊ नका.

मधुमेह, रक्तदाब असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.