चोणक आणि केरीची खाडी



अमेरिकेत 'बास' नावाचा नदीतला मासा गरीने पकडण्याचा मोठा छंद आहे. तिथे शरद ऋतूत पाणी थंड होऊ लागले की लहान मासे उथळ पाण्याकडे सरकतात आणि बास त्यांच्यामागे जाऊन पोटभर खातो. माशाचे शरीर पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. थंडी वाढली की त्याची हालचाल आणि भूक मंदावते. म्हणून थंडीपूर्वीच तो खाऊन घेतो.

आपल्या पेडणे तालुक्यातील केरीला, तेरेखोल नदीच्या मुखाशी, असाच एक शिकारी मासा आहे. तो म्हणजे चोणक. रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात, तर ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. पावसाळा सरला की गरी टाकणारे त्याची वाट पाहू लागतात. पण आपल्याकडे आश्विनात पाणी थंड होत नाही, उलट ऊन तापते. मग बदलते काय?

मीठ आणि गढूळपणा

तेरेखोल नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते आणि बांदा, आरोंदा असे करीत केरी व तेरेखोल किल्ल्याच्या मधून समुद्राला मिळते. पावसाळ्यात ती गोडे, लाल पाणी घेऊन येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. खारे पाणी जड, म्हणून ते तळातून आत शिरते. गोडे पाणी हलके, म्हणून ते वरून वाहते. पाऊस थांबला की नदीचा जोर कमी होतो आणि भरतीबरोबर खारे पाणी दूरवर आत जाते. गाळ खाली बसतो, पाणी निवळते. सुंगटे आणि शेवटे खाडीत फिरू लागतात. चोणक त्यांच्याच मागावर असतो. म्हणजे बासला थंडी हलवते, तर चोणकाला मीठ, निवळ पाणी आणि भक्ष्य.

भरती-ओहोटीचे गणित

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाण्याची चढउतार मोठी होते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा ती कमी असते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. ओहोटी लागली की खाजनातले पाणी मानशीतून बाहेर पडते व त्याबरोबर लहान मासळीही येते. अशा जागी चोणक दगडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला दबा धरून बसतो. तो भक्ष्याचा चावा घेत नाही. मोठे तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट त्याला आत ओढतो. म्हणूनच जिवंत सुंगट गरीला लावले जाते.

त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, हात कापतो. ब्लॉख या शास्त्रज्ञाने १७९० साली त्याला जे नाव दिले, त्यातील 'कॅल्करिफर' या शब्दाचा अर्थच 'काटा धारण करणारा' असा आहे.

आधी नर, मग मादी

आता सर्वांत नवलाची गोष्ट. बहुतेक चोणक आयुष्याची पहिली वर्षे नर असतात आणि साधारण सहा ते आठ वर्षांचे झाल्यावर त्यांची मादी होते. म्हणून फार मोठा चोणक बहुधा मादीच असतो. पावसाळ्यात नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात ती लाखो अंडी घालते. पिल्ले भरतीबरोबर खाडीत, तिवरांच्या मुळांत व खाजनात येऊन वाढतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बारीक जाळ्यात पिल्ले गेली, तर उद्याचे नर गेले. मोठेच मासे उचलत राहिलो, तर माद्या गेल्या. बांध फुटला, तिवर तोडले, तर पाळणाघरच गेले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा असे दोन्ही बॅरामुंडी पाण्यात परत सोडावे लागतात. मधल्यांनाच घरी न्यायचे! आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पण खाडीतल्या पिल्लांची काळजी गावालाच घ्यावी लागते.

चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली चोणकाची पिल्ले हॅचरीत तयार करण्यात यश मिळवले. आज बाजारात शेतातला चोणकही मिळतो. तरी नदीतल्या चोणकाची जागा तो घेऊ शकत नाही, कारण त्याच्यासाठी खाडी जपावी लागत नाही.

पालक व विश्वस्तांना विनंती : मानशीची पावणी होते, तेव्हा जाळ्याच्या आसाचा विषय ग्रामस्थांसमोर अवश्य मांडावा. आणि मुलांना नदीच्या मुखाशी एकटे पाठवू नये. ओहोटीची ओढ तिथे फार असते.

करून पाहा

१. एका ग्लासात मिठाचे पाणी घ्या. त्यावर रंगीत गोडे पाणी चमच्यावरून हळूच सोडा. काय दिसते?
२. मोठ्या माणसासोबत जाऊन पंधरा दिवस भरतीची वेळ व तिथी वहीत लिहा.
३. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी चोणक केवढा मिळायचा, आणि कुठे?