हिशेबाच्या लॅपटॉपला एसएसडी

सातारा

चि. छकुली,

तुझं पत्र मिळालं. लॅपटॉपला 500 जीबीची एसएसडी बसवायला दुकानदार साडेचार हजार सांगतो, एवढे पैसे घालावेत का, असं तू विचारलंस. तुझ्या मशीनपुरतं माझं उत्तर सरळ आहे: घाल. पण ती कशासाठी घ्यायची आणि तिच्यावर कोणत्या बाबतीत विसंबायचं नाही, हे समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांनी आपले हिशेब विश्वासाने तुझ्या हाती दिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुखणं डिस्कचंच आहे ना, ते पाहा. हिशेबाचं टॅली उघडताना टास्क मॅनेजर चालू ठेव. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना चिकटलेला आणि प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर दिसला, तर मशीन डिस्कसाठी ताटकळतंय असं समज. मेमरी भरून गेलेली दिसली तर आधी रॅम वाढवायला हवी. तू पाठवलेल्या फोटोवरून रॅम 8 जीबी आहे, प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे आणि डिस्क 1 टीबीची, मिनिटाला 5400 फेरे घेणारी. म्हणजे दोन अंगं धडधाकट आहेत आणि तिसरं त्यांना अडवून धरतंय. प्रोसेसरची पिढी मी मुद्दाम पाहिली. विंडोज 10 साठीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुझं मशीन त्याहून जुनं असतं तर त्याच्यावर खर्च करण्याआधी मी तुला थांबवलं असतं.

आता ही डिस्क का अडते, ते बघ. तिच्यात फिरणारी तबकडी आहे आणि तिच्यावर सरकणारी सुई. मिनिटाला 5400 म्हणजे सेकंदाला 90 फेरे. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि सुई तिथवर सरकायला आणखी दहा-बारा. असे इकडचे तिकडचे बारीक तुकडे ती सेकंदाला साठ-सत्तरच वाचू शकते. विंडोज सुरू होताना किंवा टॅलीत जुनी खाती उघडताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. चिपमधल्या पेशींत विद्युतभार साठवलेला असतो, आणि कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती येतो.

खोक्यावर छापलेल्या वेगाने भुलू नकोस म्हणतो, ते याचसाठी. साधी साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या पुढे जाते, एनव्हीएमई 3500, आणखी महागडी 7000. हे आकडे एक सलग मोठी फाइल वाचतानाचे. सिनेमा संपादित करणाऱ्याला ते उपयोगी पडतात. तुझं काम बारीक तुकड्यांचं आहे, आणि त्यात खरी उडी तबकडीवरून साध्या एसएसडीवर येतानाच मिळते. तिथून पुढच्या महाग एसएसडीवर गेलीस तर हिशेबाच्या कामात फरक जाणवणारही नाही. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस.

हरिपूरची हळदीची पेवं तू पाहिली आहेस. जमिनीच्या पोटात माल स्वस्तात राहायचा, वर्षानुवर्षं टिकायचा. पण पेव उघडायचं म्हणजे तोंड मोकळं करा, आतली कोंडलेली हवा जाऊ द्या, कंदील सोडून खात्री करा आणि मगच माणूस उतरवा. रोजच्या विक्रीचा माल कुणी पेवात ठेवत नसे. तुझी विंडोज, टॅली आणि चालू वर्षाचा डेटा हा रोजचा माल आहे. तो एसएसडीवर हवा. मागच्या वर्षांचे हिशेब, स्कॅन केलेल्या पावत्या, घरच्या लग्नाचे फोटो जुन्या डिस्कवर खुशाल राहू देत. म्हणूनच तुला आठ हजारांची 1 टीबी नको, 500 जीबी पुष्कळ झाली. 256 जीबी थोडी स्वस्त पडेल, पण दोन वर्षांत भरेल, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते.

पैशाचा हिशेब मांडू. तू लिहितेस की लॅपटॉप सुरू होणं, टॅली उघडणं, बॅकअप घेणं यात दिवसाची वीसेक मिनिटं जातात. महिन्याचे 25 कामाचे दिवस धरले तर 500 मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या वर. महिन्यातला एक अख्खा कामाचा दिवस तू पडद्याकडे बघत घालवतेस, आणि तोही 11 आणि 20 तारखेच्या जीएसटीच्या घाईत जास्त टोचतो. साडेचार हजार तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला 125 रुपये. 2025 च्या उत्तरार्धापासून एसएसडीतल्या फ्लॅश चिपचे भाव चढलेत, म्हणून स्वस्त होईपर्यंत थांबू असं तुला वाटेल. थांबू नकोस. भाव उतरून जे वाचेल त्याहून जास्त तू त्या महिन्यांत गमावशील. शिवाय पैसे मशीनमध्ये अडकत नाहीत. उद्या लॅपटॉप बदललास तर एसएसडी काढून यूएसबीच्या केसमध्ये घालता येते.

घेण्याआधी एक काम कर. आठव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत एसएसडीच्या पट्टीसाठी एम-टू ची रिकामी जागा असते. तुझ्यात असेल तर एसएसडी तिथे बसेल आणि जुनी डिस्क आहे तिथेच राहील. ती जागा साटाची आहे की एनव्हीएमईची, ते मॉडेल नंबरावरून पाहून घे. दोन्हींची पट्टी दिसायला सारखी असली तरी एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. पक्कं बिल आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी घे. ऑनलाइन हजार रुपयांत 2 टीबी दिसली तर तिकडे बघूही नकोस. असल्या खोक्यांत पुष्कळदा छोटं मेमरी कार्ड असतं आणि क्षमतेचा आकडा खोटा लिहिलेला असतो. एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीती मात्र सोड. बऱ्याचशा 500 जीबीच्या एसएसडींना 150 टीबी किंवा त्याहून जास्त लिहिण्याची हमी असते. तू दिवसाला 20 जीबी लिहिलंस, आणि तेवढं तू लिहीत नाहीस, तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात.

आणखी एक फायदा तुला खास मिळेल. गाडीवरून माधवनगर, बुधगाव, मिरज करताना लॅपटॉप नीट बंद न करताच पिशवीत टाकतेस. तबकडी फिरत असताना खड्ड्यात बसलेला एकच दणका सुईला पुरतो. एसएसडीला त्याचं भय नाही.

पण ती मरते तेव्हा बहुधा न सांगता मरते. जुनी डिस्क आधी कुरकुरते, अडखळते, आणि बिघडल्यावरही तिच्यातलं बरंचसं प्रयोगशाळेत काढता येतं. एसएसडी एखाद्या सकाळी मशीनला ओळखूच येत नाही, आणि मग हाती फारसं लागत नाही. तिच्यावरून पुसलेली फाइलही परत आणणं अवघड, कारण विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचं तिला कळवतं आणि ती त्या आतून साफ करून टाकते. कपाटात दोन-चार वर्षं ठेवून देण्याच्या प्रतीसाठीही ती योग्य नाही. वीज न मिळता, तुमच्या उन्हाळ्याच्या उष्म्यात पेशींतला भार हळूहळू गळतो. त्या कामाला फिरणारी डिस्कच बरी.

म्हणून एसएसडी घेतलीस म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असं मानू नकोस. सांगलीत राहून तर मुळीच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली होते. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. त्या पुरांनंतर भिजलेल्या डिस्का घेऊन माणसं माझ्याकडे साताऱ्याला आली. ज्यांनी घाईने चालू करून पाहिल्या त्यांच्या तबकड्यांवर गाळाचे ओरखडे उठले आणि जे वाचलं असतं तेही गेलं. काहींची प्रत होती, पण ती त्याच टेबलाच्या खणात. दहा वर्षांच्या उधारीची नोंद गेलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे, आणि तुझ्यावर ती वेळ यावी असं मला वाटत नाही. तुझ्याकडे तर दुसऱ्यांची नोंद आहे.

तेव्हा साडेचार हजारांच्या जोडीला आणखी एका बाहेरच्या हार्डडिस्कचे पैसे काढून ठेव. एवढा खर्च एकदम झेपत नसेल तर आधी ती घे आणि एसएसडी पुढच्या महिन्यात. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी क्लाउडवर जाऊ दे, आणि दर तिमाहीला संपूर्ण डेटाची एक प्रत साताऱ्याला पाठव. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आपल्या घरात कृष्णेचं पाणी येत नाही. पासवर्ड घालून पाठव, म्हणजे गिऱ्हाइकांचे आकडे माझ्याही नजरेस पडणार नाहीत. प्रत घेतल्यावर त्यातले एखाद्या दुकानाचे हिशेब दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा; न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

एसएसडीने इंटरनेटची वाट पाहणं टळणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. वेबसाइट उघडायला लागणारा वेळ तेवढाच लागेल. त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस.

एसएसडी बसवण्यासाठी लॅपटॉप दुकानात देण्याआधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरव आणि ती डिस्क घरी ठेव. मार्चअखेरीच्या धामधुमीत हे काम काढू नकोस, एखादा शनिवार धर. काही अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा